जुन्या साहेबांना पत्र लिहिताना

नोकरीच्या अर्जात अगदी शेवटी एक रकाना असतो. नाव, पत्ता, शिक्षण, गुण, छंद वगैरे सगळे भरून झाले की तो येतो. 'आपल्या कामाविषयी सांगू शकतील अशा दोन व्यक्तींची नावे, हुद्दा व ई-मेल पत्ता.' आपले विद्यार्थी हा रकाना कसा भरतात हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी शेवटच्या वर्षाच्या वर्गातले दहा अर्ज चाळावेत. एकात मामांचे नाव असते, कारण मामा बँकेत आहेत. दुसऱ्यात गल्लीतल्या माजी नगरसेवकांचे असते. तिसऱ्यात आम्हा प्राध्यापकांपैकी कोणाचे तरी असते आणि त्या प्राध्यापकांना त्याची गंधवार्ताही नसते. बंगळूरहून फोन आला म्हणजे ते बिचारे "कोण बरे हा मुलगा?" असे म्हणत हजेरीपट शोधू लागतात.

ज्यांचे नाव तेथे असायला हवे त्यांचे मात्र नसते. हाच मुलगा दोन वर्षे कॉलेज सुटल्यावर उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत स्टोअरची नोंद ठेवीत होता. दुसरी एक मुलगी टिळकवाडीतल्या कर सल्लागारांच्या कचेरीत जीएसटीची विवरणपत्रे भरीत होती. तिसरा खडेबाजारातल्या कापडदुकानात दिवाळीच्या गर्दीत गल्ला सांभाळीत होता. ह्या तिघांचेही काम कोणी तरी रोज डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्यांनी कितीदा उशीर केला, हिशेब कितीदा चुकला, चुकल्यावर स्वतः सांगितले की लपवले, हे त्या माणसाला माहीत आहे. "मग त्यांना विचारलेस का?" असे म्हटले की उत्तर ठरलेले: "नको सर, नोकरी सोडली की आता. कसे विचारायचे?"

ह्या 'कसे विचारायचे'विषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते. विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. एक ई-मेल लिहायचा, त्यात एवढा ऊहापोह कसला, असे कोणीही म्हणेल. पण हा ई-मेल न लिहिल्यामुळे नुकसान कोणाचे होते ते पाहिले म्हणजे विषय इतका लहान वाटत नाही.

संकोचाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. आपण शिफारस आणि वशिला एकच समजतो. मुलगा स्वाभिमानी असला की त्याला वाटते, 'मी कोणाचा वशिला लावणार नाही', आणि म्हणून तो जुन्या साहेबांनाही विचारीत नाही. 'वशिला' हा शब्द मूळचा अरबी. 'वसीला' म्हणजे साधन, कोणाजवळ पोहोचण्याचा मार्ग. 'शिफारस' फारसीतून आली. आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना हे शब्द परके नाहीत. कन्नडमध्ये 'वशीली' आहे आणि 'शिफारसु'ही आहे. दोन भाषांचे इतर बाबतींत कितीही मतभेद असोत, वशिल्याच्या बाबतीत दोघींचा कोश एकच आहे. पण कोशात शेजारी बसणारे हे दोन शब्द व्यवहारात निराळे ठेवले पाहिजेत. ज्याने तुमचे काम कधी पाहिले नाही, पण ज्याचा शब्द वरपर्यंत चालतो, तो वशिला. ज्याचा शब्द कदाचित कोठेच चालत नाही, पण ज्याने तुमचे काम पाहिले आहे, त्याची ती साक्ष. वशिला मागताना मान खाली घालावी लागते. साक्ष मागताना घालण्याचे कारण नाही, कारण तुम्ही केलेले कामच तुम्ही पुढे ठेवीत असता.

आता नुकसान कोणाचे ते पाहा. ज्याच्या मामांचा शब्द चालतो त्याचे ह्या रकान्यावाचून काही अडत नाही. अडते ते ज्याच्या घरात नोकरीवाला तोच पहिला, त्याचे. त्याच्याजवळ ओळखी नाहीत, इंग्रजी बेताचे, गुणही बेताचे. त्याच्याजवळ फक्त दोन वर्षांचे चोख काम आहे, आणि लाजेपोटी तेच तो अर्जात लिहीत नाही. म्हणजे वशिल्याचा तिटकारा म्हणून तो जे करतो त्याने शेवटी वशिलेवाल्याचेच फावते.

कामाच्या साक्षीची ही रीत नवी नाही. इंग्रजी अमदानीत साहेबाची बदली झाली की त्याचा खानसामा, आया, माळी त्याच्याकडून एक चिठ्ठी मागून घेत आणि पुढच्या साहेबाला दाखवीत. आपल्या 'चिठ्ठी'वरून इंग्रजीत 'चिट' हा शब्द गेला. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल ह्यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या कोशात त्याचा एक अर्थ नोकराला दिलेला दाखला असाही नोंदलेला आहे. कन्नडमधली 'चीटी'ही ह्याच गोतातली. चिठ्ठी आली की खोटी चिठ्ठीही आलीच. इंग्लंडात नोकरांच्या वर्तणुकीचे खोटे दाखले देण्याघेण्याला आळा घालण्यासाठी १७९२ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला आणि त्यात वीस पौंड दंड ठेवला गेला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. साक्षीला किंमत होती म्हणूनच खोटी साक्ष तयार होत होती.

आपल्या देशातले एक उदाहरण सर्वांना ठाऊक असलेल्या माणसाचे आहे. श्रीनिवास रामानुजन ह्यांनी फेब्रुवारी १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. पदवी नव्हती, महाविद्यालयीन परीक्षेत ते नापास झालेले होते. अर्जासोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट ह्यांचे पत्र होते, आणि ह्या तरुणाची गणितातली कुवत अगदी असामान्य आहे असे त्यात म्हटले होते. १ मार्च १९१२ रोजी महिना तीस रुपयांवर रामानुजन कामाला लागले. पुढच्याच वर्षी तेथील वरिष्ठांमुळे त्यांचे गणित वेधशाळा खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर ह्यांच्या नजरेस आले. वॉकर स्वतः केंब्रिजचे गणिती. त्यांनी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहिले आणि त्यानंतर रामानुजनना महिना पंच्याहत्तर रुपयांची संशोधनवृत्ती मिळाली. ह्या पत्रातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गणिताच्या ज्या शाखांत हा तरुण काम करतो त्यांचा आपला विशेष अभ्यास नाही, हे वॉकरनी त्यात प्रांजळपणे लिहिले. जे पाहिले ते सांगितले आणि जे पारखता येत नव्हते ते पारखता येत नाही असेही सांगितले. त्या प्रांजळपणाने पत्राचे वजन घटले नाही.

परदेशांत ह्या साक्षीला आता कायद्याचेही कोंदण मिळाले आहे. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला मालकाकडून लेखी प्रशस्तिपत्र मागण्याचा हक्क आहे. व्यवसायविषयक कायद्याच्या १०९व्या कलमात तो नमूद आहे. हे पत्र खरे असले पाहिजे आणि त्याच वेळी माणसाच्या पुढच्या वाटेत धोंडा टाकणारेही नसावे, असा तेथील न्यायालयांचा दंडक. ह्या दोन्ही अटी सांभाळता सांभाळता तेथे एक सांकेतिक भाषाच तयार झाली. 'नेहमीच आमच्या पूर्ण समाधानास उतरेल असे काम केले' म्हणजे उत्तम, आणि नुसते 'आमच्या समाधानास उतरले' म्हणजे यथातथाच! १ जानेवारी २०२५ पासून हे पत्र, नोकराची संमती असेल तर, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याचीही तेथे मुभा झाली. ब्रिटनमध्ये 'स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अॅश्युरन्स' ह्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९४ साली असा निकाल दिला, की जुन्या नोकराविषयी अभिप्राय देताना मालकाने योग्य ती काळजी घेतली पाहिजे. निष्काळजीपणाने वाईट लिहिले आणि त्यामुळे माणसाचे नुकसान झाले तर मालक जबाबदार धरला जाऊ शकतो. ह्या काळजीपोटी मग पुष्कळ कंपन्या फक्त नोकरीच्या तारखा आणि हुद्दा एवढेच कळवून मोकळ्या होऊ लागल्या. कायद्याने सगळे सुटते असे नाही, हेही त्यावरून दिसते.

आपल्याकडे मोठ्या कारखान्यातल्या नोकरीच्या तारखा आता लपत नाहीत. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदाला एक कायमचा क्रमांक मिळतो आणि कोणत्या मालकाकडे किती दिवस काम केले ह्याची नोंद त्यावर राहते. पण हा निधी साधारणतः वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना लागू आहे. आपल्या विद्यार्थ्यांचे पहिले काम कोठे असते? आठ माणसांच्या वर्कशॉपात, चार माणसांच्या दुकानात, वडगावातल्या एखाद्या यंत्रमागाच्या हिशेबावर. पगार रोख हातात, कागद कसलाच नाही. दोन वर्षे राबल्याचा पुरावा म्हणून जगात फक्त एका माणसाची आठवण शिल्लक असते. त्या माणसाला विचारणे म्हणूनच आवश्यक आहे, आणि आठवण ताजी आहे तोवर विचारणे त्याहूनही आवश्यक.

आता विचारावे कोणाला? हुद्दा मोठा तितकी साक्ष भारी, असे आपल्याला वाटते. कंपनीच्या संचालकाने तुम्हाला वर्षातून एकदा, आयुधपूजेच्या दिवशी पाहिलेले असते. तो काय सांगणार? ज्या सुपरवायझरने तुम्हाला रोज सकाळी काम नेमून दिले आणि संध्याकाळी मोजून घेतले, त्याच्या चार वाक्यांत संचालकाच्या पानभर पत्रापेक्षा अधिक माहिती असते. नेमणूक करणारा माणूस फोनवर नेमके प्रश्न विचारतो: "काम अंगावर घेतो का? चूक झाली तर सांगतो का? पुन्हा घ्याल का त्याला?" ह्या प्रश्नांना उत्तर देता येईल असाच साक्षीदार हवा. आणि त्याला विचारल्याशिवाय त्याचे नाव कधीही देऊ नये. दुसऱ्याचा फोन आणि पत्ता ही आपली मालमत्ता नव्हे.

विचारायचे कसे? फोन, व्हॉट्सअॅप की ई-मेल? पुष्कळांना वाटते, फोन आपुलकीचा आणि ई-मेल कोरडा. मला उलट वाटते. फोनवर समोरचा माणूस कोंडीत सापडतो. भट्टी चालू आहे, दारात ट्रक उभा आहे, अशा वेळी तो "हो हो, दे की नाव" म्हणतो आणि विसरून जातो. व्हॉट्सअॅपवरचा मजकूर शुभसकाळच्या फुलांत वाहून जातो. ई-मेल काही कालची वस्तू नव्हे. रे टॉमलिन्सन ह्यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला निरोप पाठवला तो १९७१ साली, आणि आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याचा गुण असा, की तो सवडीने वाचता येतो, त्यावर विचार करता येतो, तारखा तपासता येतात आणि नकारही शांतपणे देता येतो. ज्यांना ई-मेल वापरण्याची सवय नाही त्यांना अर्थातच समक्ष भेटावे. वर्कशॉप दोन मैलांवर असताना ई-मेलचा हट्ट धरणे हास्यास्पद ठरेल. पण तेथेही हाच मजकूर कागदावर लिहून द्यावा.

भाषेचा प्रश्न आमच्या भागात विशेष आहे. अर्ज इंग्रजीत म्हणून साहेबांना लिहायचा ई-मेलही इंग्रजीतच हवा, असे विद्यार्थी धरून चालतात. मग कोठून तरी तयार नमुना उतरवतात, आणि ज्या मालकांशी दोन वर्षे मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलले त्यांना एकदम परक्या भाषेत, परक्या थाटात पत्र जाते. ते वाचून मालकांना वाटते, हे काहीतरी सरकारी आहे, आपल्या डोक्याला ताप नको. माझे मत असे, की ज्या भाषेत काम केले त्याच भाषेत साक्ष मागावी. मालक मराठीत बोलत असतील तर मराठीत, कन्नडमध्ये बोलत असतील तर कन्नडमध्ये. हल्ली मोबाईलवरही दोन्ही लिप्या सहज लिहिता येतात. पुण्याच्या कंपनीतून त्यांना फोन आला तर ते मराठीत बोलू शकतात, बंगळूरहून आला तर कन्नडमध्ये. दोन भाषा येणारा साक्षीदार ही आमच्या भागाची दौलत आहे; ती इंग्रजीच्या धाकाने वाया घालवू नये.

आणि मराठीत ह्या पत्राचा थाट आपल्या वाडवडिलांनी आधीच बसवून ठेवला आहे. 'स. न. वि. वि.' म्हणजे सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आधी नमस्कार, मग विनंती. शेवटी 'कळावे, लोभ असावा ही विनंती.' हा मायना जुनाट म्हणून आपण टाकून दिला आणि त्या जागी 'हाय सर' आणून बसवले. मागणे मागताना दुसऱ्याचा मान कसा राखावा आणि स्वतःचाही कसा जाऊ देऊ नये, हे त्या दोन ओळींत होते. नुसते उपदेश करण्यापेक्षा एक नमुनाच देतो.

"विषय: नोकरीच्या अर्जात संदर्भासाठी आपले नाव देण्याची परवानगी मिळणेबाबत.

आदरणीय साहेब,

स. न. वि. वि.

मी जून २०२३ ते मार्च २०२५ ह्या काळात आपल्या कारखान्यात स्टोअरमध्ये संध्याकाळच्या पाळीला काम करीत होतो. स्टोअरची आवक-जावक वहीतून संगणकावर घेतली तेव्हा ते काम माझ्याकडे होते, हे आपणांस आठवत असेल. सध्या मी पुण्यातील एका कंपनीत स्टोअर सहायकाच्या जागेसाठी अर्ज करीत आहे. माझे काम पाहिलेल्या व्यक्तीचे नाव त्यांनी विचारले आहे. आपली हरकत नसेल तर आपले नाव, फोन व ई-मेल त्यांना कळवावा अशी इच्छा आहे. माझी हजेरी, मालाची मोजणी आणि नोंदींचा नेटकेपणा ह्यांविषयी ते विचारतील; आपणांस जे दिसले तेच सांगावे. जागेची माहिती व माझा बायोडाटा सोबत जोडला आहे. अर्जाची मुदत ह्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत आहे. काही कारणाने हे सोयीचे नसेल तर निःसंकोच तसे कळवावे. मी दुसरी व्यवस्था करीन आणि मनात काही ठेवणार नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,"

आणि खाली पूर्ण नाव व फोन. बस्स, एवढेच. ह्यात आपण कोण आणि केव्हा होतो ते आहे, कारण साहेबांच्या हाताखालून तुमच्यानंतर दहा मुले गेलेली असतात. एक ठळक आठवण आहे. कोणत्या जागेसाठी, केव्हापर्यंत, आणि कशाविषयी बोलायचे ते आहे. स्तुतीची याचना कोठेही नाही. आणि नकाराला वाट ठेवलेली आहे.

ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक गाळतात. आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणण्याची पद्धत नाही. नकार द्यायचा असला की माणूस "बघूया की" म्हणतो. ज्यांना तुमच्याविषयी चांगले बोलायचे नाही ते भिडेपोटी होकार देतात, आणि फोन आला की "हां, होता खरा आमच्याकडे" एवढेच बोलून गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचा अर्थ पलीकडच्या माणसाला लगेच कळतो. अशा कोमट साक्षीपेक्षा साक्ष नसलेली बरी. म्हणून नकाराचे दार तुम्हीच उघडून द्यावे, आणि उत्तर "बघूया की" असे आले तर दुसरा माणूस शोधावा.

आता एका दुखऱ्या जागेविषयी. पुष्कळ साहेब म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यांचा हेतू वाईट नसतो, वेळ नसतो किंवा इंग्रजी लिहिण्याचा सराव नसतो. मुलगाही खूष होतो आणि रात्री बसून स्वतःला 'अत्यंत कर्तव्यदक्ष, कल्पक व नेतृत्वगुणसंपन्न' अशी विशेषणे अर्पण करतो. मला हे पटत नाही. साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालणे म्हणजे साक्षच रद्द करणे. व्यवहारालाही ते धरून नाही, कारण फोनवर साहेबांना 'नेतृत्वगुण म्हणजे नेमके काय केले त्याने?' असे विचारले की त्यांची तारांबळ उडते. मधला मार्ग असा: माहिती आपण द्यावी, मत त्यांचे असावे. तारखा, हुद्दा, केलेल्या कामांची यादी आपण व्यवस्थित लिहून द्यावी. 'काम कसे केले' ही ओळ मोकळी सोडावी. ती त्यांनी मराठीत सांगितली आणि आपण इंग्रजीत उतरवून त्यांना वाचून दाखवली, तर त्यात काही वावगे नाही. शब्द त्यांचे राहिले म्हणजे झाले.

कोणी म्हणेल, "हे सगळे चांगल्या साहेबांपुरते ठीक. पण आमचा साहेब मी नोकरी सोडली म्हणून खार खाऊन आहे, त्याचे काय?" हा आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. सगळे साहेब काही मिडलमास्ट नसतात. आइन्स्टाइन ह्यांना १९०१ साली ठिकठिकाणी अर्ज करूनही नोकरी मिळेना, तेव्हा आपले झ्युरिकचे प्राध्यापक वेबर मागून आपल्याविरुद्ध सांगत असावेत असा त्यांना संशय होता. शेवटी वर्गमित्र मार्सेल ग्रोसमान ह्यांच्या वडिलांनी शब्द टाकला आणि १९०२ साली बर्नच्या पेटंट कचेरीत त्यांची सोय झाली. हा शब्द माझ्या व्याख्येप्रमाणे साक्षीपेक्षा वशिल्याच्या जवळ जाणारा होता, हे कबूल. पण साक्षीदाराने दगा दिला, किंवा दिला असे नुसते वाटले, की हुशार माणसालाही वशिल्याकडे वळावे लागते, हेच तर माझे म्हणणे आहे. म्हणून सगळा भार एकाच माणसावर टाकू नये. हाताखाली शिकवलेला वरिष्ठ सहकारी, शेजारच्या विभागाचा प्रमुख, ज्याच्याकडे तुम्ही माल पोचवीत होता तो कायमचा गिऱ्हाईक, ह्यांनीही तुमचे काम पाहिलेले असते. आणि नोकरी सोडतानाच, मने कडू होण्याआधी, तारखा व हुद्दा लिहिलेला साधा दाखला मागून घ्यावा. पगाराच्या पावत्या मिळत असतील तर जपून ठेवाव्यात.

विशेषतः मुलींविषयी एक सांगितले पाहिजे. एखादीने नोकरी सोडलेली असते तीच साहेबाच्या वागण्यामुळे. तिला कोणीही, आम्ही प्राध्यापकांनी तर मुळीच, "जुन्या साहेबांना विचार की" असा सल्ला देऊ नये. तिने त्याच कचेरीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या अकाउंटंटबाईंचे नाव द्यावे, आणि मुलाखतीत कारण विचारलेच तर "माझे रोजचे काम त्या पाहत होत्या" एवढे सांगावे. ते खरेही असते आणि पुरेसेही. तसेच जो सध्या नोकरीत आहे त्याने, "नेमणूक पक्की होईपर्यंत आत्ताच्या ठिकाणी विचारणा करू नये" असे अर्जात स्पष्ट लिहावे. त्यात लपवाछपवी काही नाही. समंजस मालकाला ते कळते.

दुसरा आक्षेप आमच्या प्राध्यापकवर्गातूनच ऐकू येतो. "आपल्याकडे सगळेच सगळ्यांविषयी चांगले लिहितात, त्यामुळे अशा पत्रांना अर्थच उरलेला नाही." आक्षेप बरोबर आहे, पण ही परिस्थिती आणली कोणी? वर्षानुवर्षे आपण एकच छापील मजकूर वापरतो. नाव तेवढे बदलते. 'हुशार, मेहनती व सच्छील' हे तिघे सगळ्यांच्या वाट्याला सारखेच येतात. जो मुलगा वर्गात दिसला नाही तोही मेहनती आणि जिने मंडळाचे वार्षिक हिशेब पैशापैशापर्यंत जुळवले तीही मेहनती. मग दोघांतला फरक वाचणाऱ्याला कळावा कसा? ह्यात अन्याय होतो तो तिच्यावर. आपण जे पाहिले तेच लिहिले, एक तरी ठोस गोष्ट लिहिली, आणि ज्याला ओळखत नाही त्याला "तुझे काम मी पाहिलेले नाही, अमक्या सरांना विचार" असे प्रेमाने सांगितले, तर दोन-तीन वर्षांत आपल्या महाविद्यालयाच्या पत्राला किंमत येईल. विद्यार्थ्यांनीही आदल्या रात्री अकरा वाजता "सर, उद्या शेवटची तारीख आहे" असा निरोप न पाठवता आठवडाभर आधी यावे. घाईत मागितले की छापील मजकूरच मिळतो.

विनंती मान्य झाली, साहेबांनी फोनवर चार शब्द सांगितले, नोकरी मिळाली किंवा मिळाली नाही. पुढे काय? बहुतेकांच्या लेखी येथे प्रकरण संपते. मालक मात्र मनात विचारीत राहतात, "त्या पोराचे काय झाले कोण जाणे." ज्याने तुमच्यासाठी आपला शब्द खर्च केला त्याला निकाल कळवणे हे कर्तव्य आहे, आणि तो प्रतिकूल असला तरी कळवले पाहिजे. कुंदा घेऊन समक्ष गेलात तर उत्तमच. पण बातमी आधी, कुंदा नंतर. असे ज्याने केले त्याच्यासाठी तेच मालक पुढच्या वेळी आपणहून बोलतात. आणि त्याच्या मागून येणाऱ्या, आपल्याच महाविद्यालयातल्या मुलालाही त्या कारखान्याचे दार थोडे लवकर उघडते. एकाचा निष्काळजीपणा दहांना नडतो, तसाच एकाचा चांगुलपणा दहांना उपयोगी पडतो.

विद्यार्थिमित्रहो, शेवटी एक साधे काम सांगतो. ह्या आठवड्यात एक कागद घ्या आणि तुमचे काम ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे अशा माणसांची नावे त्यावर लिहा. दुकानाचे मालक, सुपरवायझर, कचेरीतल्या बाई, सुटीत ज्यांच्या शेतावर किंवा डेअरीत हिशेब ठेवलात ते काका, कोणीही. हुद्दा पाहू नका. प्रत्येकापुढे आपण तेथे काय केले आणि केव्हा, हे दोन ओळींत लिहा. ज्यांच्यापुढे लिहिण्यासारखे काही सापडेल त्यांना, आज नोकरीचा अर्ज नसला तरी, खुशाली विचारणारे चार ओळींचे पत्र पाठवा. ज्यांच्यापुढे काहीच सापडणार नाही, त्यांच्याकडे अजून काम करीत असाल तर फारच उत्तम. उद्या सकाळपासून सुरुवात करता येईल.